डाव्या हाताचा टाका

त्या साली पिशोरच्या शिवारात दिवाळीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले. नानासाहेबांनी बैलजोडी कन्नडच्या व्याह्यांच्या दावणीला नेऊन बांधली, घराला कुलूप घातलं आणि नवरा-बायको लेकाकडं औरंगाबादला आले. लेक शिवराज वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. पडेगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला नवे प्लॉट पडले होते. तिथं त्याच्या पत्र्याच्या दोन खोल्या. रस्ता मुरमाचा. नळाचे पाइप आले होते, त्यांत पाणी आलं नव्हतं. टँकर पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा आणि तो आला की अख्खी वस्ती घागरी-ड्रम घेऊन धावायची.

आवडाबाईला इथं काम म्हणून नव्हतं. दोन भाकरी थापल्या की दिवस संपला. हात रिकामा राहिला की तिचं डोकं भणभणायचं. मग सून मंजुषा तिच्यासाठी चिंध्या आणायला लागली. मंजुषा उस्मानपुऱ्यातल्या एका शिवणाच्या दुकानात साड्यांना फॉल-बीडिंग करायची. दुकानातली कात्रणं, ब्लाउजपिसांचे तुकडे, उसवलेली अस्तरं पिशवीत भरून संध्याकाळी सासूपुढं ओतायची. आवडाबाई ती रंगांवर निवडत बसायची, जशी पूर्वी जोंधळ्यातले खडे निवडायची.

गावाकडं तिनं शेकड्यानं वाकळा शिवल्या होत्या, पण त्या पांघरायच्या म्हणून. सरळ धावदोरा, आडवा-उभा, संपलं. नक्षीला सवड कुणाला होती? इथं आयुष्यात पहिल्यांदा ती जिवाला वाटेल तसं शिवत होती. कधी कोंबडी काढायची, कधी बैलाचा डोळा. एकदा मधोमध लाल कापडाचं गोल ठिगळ लावलं.

"आत्याबाई, हे काय काढलंय?" मंजुषानं विचारलं.

"इहीर."

"विहीर लाल असते व्हय?"

"पानी नाय तर मंग काय टाकू तिच्यात?"

मंजुषा हसली. तिला सासूच्या ह्या नादाचं कौतुक होतं. म्हणूनच एप्रिलातल्या एका गुरुवारी, शहरातल्या छावणी भागाच्या बाजारातून येताना, तिनं एक शिवलेली गोधडी उचलून आणली.

"जुन्या कपड्यांच्या ढिगात होती. म्हटलं आत्याबाईला नमुना दावू. बघा बरं, कसा बारीक टाका हाय."

आवडाबाईनं ती मांडीवर घेतली. चांगली जाड होती. निळी, करडी, चौकड्याची ठिगळं. तिनं सवयीनं काठावरून बोटं फिरवली. टाक्यावरून कुणाचा हात हे तिला आंधळ्यागत कळायचं. पिशोरात कुणाच्याही दोरीवरची वाकळ बघून ती घरधनीण सांगायची. बोटं पहिल्या ओळीवरून गेली, दुसरीवरून गेली आणि तिसरीवर थांबली.

ओळी डावीकडून उजवीकडं गेल्या होत्या. गाठी डाव्या काठाला. टाके एका अंगाला कललेले, वाऱ्यानं झुकलेल्या पिकासारखे. आणि ओळ जिथं वळते तिथं, दर वळणावर, एक बारीकसा आडवा टाका.

"कुनी शिवली ही?" तिनं विचारलं.

"आता मला काय ठाव. बाजारातली हाय ती."

आवडाबाईनं गोधडीची घडी घातली आणि माळ्यावर पार मागं सारून दिली. मंजुषाला वाटलं, आवडली नाही. मंजुषा पाणी तापवायला आत गेली, तरी आवडाबाई माळ्याखाली तशीच उभी होती. एवढ्या उकाड्यात तिच्या दंडावर काटा आला होता.

डाव्या हातानं शिवणारी बाई तिनं उभ्या जन्मात एकच पाहिली होती. थोरली जाऊ, मनकर्णा. आवडा लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळाची, मनकर्णा विशी ओलांडलेली. तिनंच आवडाला सुई धरायला शिकवलं. ओळीच्या वळणावर तो आडवा टाका घालायची आणि म्हणायची, "सुईला पानी पाजलं. लांबून चालत आली बिचारी." सासू चिडायची, दोरा वाया जातो म्हणायची. आवडानं तो टाका कधी उचलला नाही. दुसऱ्या कुणाच्या शिवणीत पाहिलाही नाही.

मनकर्णा बहात्तरच्या दुष्काळात मेली होती. विहिरीत. तिला आवडाबाईनं स्वतः ओळखलं होतं.

* * *

चार दिवस तिनं माळ्याकडं मान वर केली नाही. पण घर दोन खोल्यांचं, जाणार कुठं? भाकरी थापताना पाठीला ती गोधडी जाणवायची. पाचव्या दिवशी दुपारी टँकर आला. शिवराज पाळीवर, मंजुषा दुकानात. आवडाबाई दोन घागरी घेऊन उन्हात तासभर उभी राहिली. टँकरवाल्यानं पाइप आखडता घेतला तशी तिनं घागर पुढं दामटली. मागच्या बाईनं कोपर मारलं, तिनंही मारलं. एक घागर भरली, दुसरी निम्मी. ती घेऊन दारात आली आणि उंबऱ्यातच थबकली.

जमिनीवर कुणीतरी निजलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं, सरळ, हात अंगालगत. वर तीच निळी-करडी गोधडी. पांघरूण हलत नव्हतं.

डोक्यावरच्या घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या मानेवरून पाठीत उतरलं, तरी तिला पाऊल उचलवेना.

"अवं," ती कशीबशी म्हणाली.

गोधडी बाजूला झाली. नानासाहेब उठून बसले. घामानं निथळत होते.

"माशा बसू दिईनात. माळ्यावर मागं घावली म्हनून घेतली." त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "काय झालं?"

"काय नाय," ती म्हणाली. "पानी सांडलं."

ते पान खायला कोपऱ्यावर गेले, तशी तिनं गोधडी ओढली, काठाचा दोरा दातांनी तोडला आणि एक बाजू हातभर उसवली. जुनं असेल, तिनं मनाशी घोकलं. बहात्तरच्या आधीचं शिवलेलं असेल, चाळीस वर्षं कुणाच्या तरी ट्रंकेत पडून असेल. आतल्या थरात हात घालून तिनं कापड बाहेर ओढलं. कारखान्याच्या गणवेशाची बाही निघाली, शिवराजकडं होती तशीच. तिच्याखाली एक बनियन, त्यावर मोबाइल कंपनीची जाहिरात छापलेली. रंगही विटला नव्हता.

कापड परवाचं होतं आणि टाका मेलेल्या बाईचा.

ती तशीच भिंतीला टेकून बसली. पत्रा तापून कडकड वाजत होता. एकेचाळीस वर्षांत जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता खोलीत येऊन बसल्यासारखं झालं.

* * *

त्या दुष्काळात पिशोरच्या बाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. घाटाखालून, खानदेशातून माणसं आली होती. दिवसभर खडी फोडायची, दुपारी कामावर वाटलेली सुकडी खायची, रात्री रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर. मनकर्णाच्या लग्नाला सहा वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. थोरले दीर लक्ष्मण तिला मारायचे. दुसरी बायको करायचं सासूनं बोलून ठेवलं होतं, पण पहिली नांदत असताना पोरगी द्यायला कुणी तयार होईना.

एक दिवस मनकर्णा कामावरून परत आली नाही. तिसऱ्या दिवशी तलावाजवळच्या जोगणीच्या विहिरीत बाई सापडली. विहिरीत पाणी घोटाभर, खाली सगळा खडक. तोंड ओळखू येत नव्हतं. अंगावर मनकर्णाचं हिरवं लुगडं होतं.

पोलीस पाटील म्हणाला, घरच्या बाईनं ओळख पटवावी. सासूनं आवडाला पुढं केलं. "तू तिच्याजवळ निजायचीस. सांग."

आवडानं तोंड पाहिलं नाही, हात पाहिला. मनकर्णाच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, सुई दाबून दाबून. ह्या बाईचं नख साबूत होतं. आवडा गप्प राहिली. सासूनं पाठीमागून पदराखाली हात घालून तिच्या कमरेला चिमटा घेतला आणि पिळत राहिली.

"व्हय म्हन."

"व्हय," आवडा म्हणाली. "जाऊबाईच हायती."

त्याच संध्याकाळी जाळलं. पुढच्या वैशाखात लक्ष्मणचं दुसरं लग्न झालं. 

तेवढंच असतं तर तिनं पचवलं असतं. पण आठ दिवसांनी कामावर एक म्हातारा आला. लाल पटक्याचा, घाटाखालचा. आपली लेक हरवली म्हणून एकेका बाईच्या तोंडात डोकावत फिरत होता. आवडापाशी येऊन त्यानं पाणी मागितलं. तिनं लोटा दिला. तो प्यायला, लोटा परत केला, म्हणाला, "तुझ्याएवढीच हाय बाई." तिनं मान खाली घातली आणि हातोडा उचलला. तो पाच दिवस फिरला. मग दिसला नाही.

तेव्हापासून दर वर्षी पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला, आवडाबाई मनकर्णाच्या नावानं सवाष्ण जेवू घालत आली होती. वाढताना तिला दर वेळी वाटायचं, ह्या पानावर कुणीतरी भलतंच जेवतंय, नाहीतर कुणीतरी उपाशी उठतंय.

* * *

पुढच्या गुरुवारी ती मंजुषाबरोबर छावणीच्या बाजारात गेली. मंजुषा भाजीकडं वळली. आवडाबाई गोधडी काखेत मारून जुन्या कपड्यांच्या रांगेत शिरली. विकणारा पोक्त माणूस होता. त्यानं काठ उलटून पाहिला.

"ये तो मन्ना मौसीका काम है. मागं पिंजाऱ्याचं अंगण हाय बगा, मशिनीचा आवाज येतो तिकडं. चाळीस साल से वहींच हैं."

"कशी हाय बाई ती?"

"कैसी म्हंजे? बुढी है. बोलती कम."

पिंजाऱ्याच्या अंगणात कापूस पिंजायचं मशीन घरघरत होतं. हवेत सगळीकडं कापसाचं तूस उडत होतं. भिंती, रांजण, बाजेवरचे तक्के, सगळ्यावर पांढरी साय धरली होती. पत्र्याच्या सावलीत एक म्हातारी शिवत बसली होती. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस साचलेला. राखेतून उठून आल्यागत ती पांढरी दिसत होती. फक्त डावा हात हलत होता. आवडाबाईनं अंगठ्याकडं पाहिलं. नख मधोमध चिरलेलं होतं.

आवडाबाई तिच्या समोर खालीच बसली.

"कोन?" म्हातारीनं न बघता विचारलं.

"मी आवडा. पिशोरची."

सुई थांबली नाही. ओळ काठापर्यंत गेली, वळली, आडवा टाका पडला. मग म्हातारीनं मान वर केली.

"आवडीचे दात पुढं व्हते."

"पडले."

मनकर्णाबाईनं बराच वेळ तिला निरखलं. मग रांजणाकडं हात केला. "पानी पी. तोंड सुकलंय तुजं."

आवडाबाई प्यायली नाही. जे तोंडाला आलं ते तिनं बोलून टाकलं. "दर वरसाला तुमच्या नावानं सवाष्ण जेवू घालते मी. अविधवा नवमीला. एकेचाळीस वर्सं झाली."

"काय करतीस जेवायला?"

"पुरनाची पोळी. कटाची आमटी."

"मला पुरन सोसत नव्हतं. इसरलीस व्हय?"

मशीन बंद पडलं. अंगण एकदम शांत झालं आणि वरचा कापूस सावकाश खाली यायला लागला.

"जाऊबाई," आवडाबाई म्हणाली, "मंग ती कोन व्हती?"

मनकर्णाबाईनं सुई गोधडीत टोचून ठेवली.

"माज्या शेजारी खडी फोडायची. नेसूचं चिंधुक झालं व्हतं तिचं, बसली की मांडी उघडी पडायची, मुकादम तिथंच उभा ऱ्हायचा. मी त्या दिशी निघूनच जानार व्हते. औरंगाबादला रोडाच्या कामावर बायका चालल्या व्हत्या, त्यांच्यासंगं. माजं हिरवं लुगडं चौघांत वळखू आलं आस्तं. म्हनून तिला म्हनलं, घे तू. तिचं मी नेसले. लई खूष झाली. दोनदा गिरकी घेतली तिनं." ती थांबली. "मंग इथं आल्यावर सा महिन्यांनी पिशोरचं एक मानूस भेटलं. त्यानं मला वळखलं नाय. त्यानंच सांगितलं, लक्ष्मणची बायकू इहिरीत पडून मेली म्हनून."

"कशी पडली आसंल?"

"पडली, का पहाटंच्या अंधारात मागून हिरवं लुगडं बघून कुनी ढकलली, ते तुज्या थोरल्या दिराला इचार."

"ते गेले. धा वर्सं झाली."

"मंग झालं तर."

आवडाबाईच्या हातातली गोधडी खाली पडली. मनकर्णाबाईनं ती उचलली, उसवलेली बाजू पाहिली आणि तिथं दोरा घालायला लागली.

"घरी चला," आवडाबाई म्हणाली. "हे हायती. पोरगा हाय, सून चांगली हाय."

"मेलेलं मानूस घरी येत नस्तं, आवडे. आलं तर लोक उतारा टाकत्यात." तिनं दोरा तोडला. "माजं जेवन बंद कर तेवढं. इथं मला पोटभर हाय. ज्याचं हाय त्याला दे."

"तिचं नाव काय व्हतं?"

मनकर्णाबाईनं डोळे मिटले. पापण्यांवरचा कापूस हलला.

"चंपा. घाटाखालची. गाव सांगितलं व्हतं तिनं, आता ध्यानात नाय. नदीच्या काठाला कायतरी."

* * *

परतीच्या रिक्षात मंजुषा भाजीची पिशवी सांभाळत म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या केसांत कापूस किती." तिनं झटकायला हात पुढं केला, तशी आवडाबाईनं मान मागं घेतली. घरी पोचेपर्यंत ती मनातल्या मनात ते नाव म्हणत होती, हरवेल म्हणून.

ऊन उतरलं होतं. नानासाहेब दारापुढं खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बोअरचं मशीन लागलं होतं, त्याची पांढरी धूळ बघत. तीन दिवसांपासून ते खणत होते, नुसती धूळच वर येत होती. मंजुषा आत गेली. आवडाबाई उंबऱ्यावर बसली.

"जाऊबाई जित्या हायती," ती म्हणाली.

नानासाहेबांनी मान वळवली नाही. त्यांचा गुडघ्यावरचा हात तेवढा आवळला गेला.

"छावनीत. पिंजाऱ्याकडं गाद्या-गोधड्या शिवत्यात. मी बोलून आले."

"बरं."

"बरं काय? आपून जाळली ती दुसरीच व्हती. मला तवाच ठाव व्हतं. अंगठा बघितला व्हता मी. तरी व्हय म्हनले. एकेचाळीस वर्सं तुमच्यापासून लपिवलं. आज तिचं नाव कळलं. तिचं नाव..."

"चंपा," नानासाहेब म्हणाले.

बोअरचं मशीन घरघरत होतं. आवडाबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दोरावरून इहिरीत मीच उतरलो व्हतो," ते म्हणाले. "तिला उचलून पाठीला बांधली, तवा तिचा हात माज्या खांद्यावरून म्होरं आला. कोपराच्या आत गोंदलं व्हतं."

"ते गोंदन मी बी बघितलं व्हतं. मला वाटलं फुलं हायती."

"फुलं नव्हती. अक्षरं व्हती. घरात सातवी शिकलेला मी एकलाच." ते अजून धुळीकडंच बघत होते. "वर येऊस्तोवर तोंडापाशी व्हतं ते नाव. काठावर दादा हुबा व्हता. वैनी घरी आल्या नाय, त्याच्या दुसऱ्या दिशी पहाटं तो जोगणीच्या इहिरीकडनं येताना मी पाहिला व्हता. पाय चिखलानं भरलेले. त्या साली त्या इहिरीच्या काठाबिगर गावात चिखल कुठंच नव्हता, आवडे."

चाळीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाकडं ती बघत राहिली. तो तिच्याजवळ निजत होता, नवमीच्या जेवणाला दर वर्षी केळीची पानं आणत होता, सवाष्णीला स्वतः पाट मांडत होता. तिच्याइतकंच त्यालाही ठाऊक होतं, पान कुणाचं आहे.

"तिचा बाप आला व्हता," ती म्हणाली. "लाल पटक्याचा. मी त्याला पानी दिलं."

"मी त्याला कन्नडच्या गाडीत बसवून दिलं. म्हनलं, इथं नाय तुमची पोरगी. माज्या हाताला धरून रडला."

"कोन्या गावचा म्हनाला?"

नानासाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांना ते आठवायला वेळ लागला नाही, हे तिला दिसलं. फक्त तोंडातून काढायला लागला. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. घाट उतरलं की नदीच्या पल्याड, चार कोस.

आतून मंजुषानं चहा झाल्याचं सांगितलं. दोघांतलं कुणी उठलं नाही.

"उद्याच्या पयल्या यष्टीनं जाऊ," आवडाबाई म्हणाली.

"आता कोन आसंल तिथं? बाप तर कवाच गेला आसंल. अन् काय सांगायचं जाऊन? एवढ्या वर्सांनी तिला वळखनारं कोन उरलंय?"

"आपून वळखलं व्हतं ना," आवडाबाई म्हणाली. "दोघांनी बी. तेच सांगू."

नानासाहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. मग खुर्चीच्या हाताला धरून ते उठले आणि उद्या नेसायचं धोतर काढायला आत गेले.